‘सगळे समाविष्ट’ या शब्दांत नेमके काय येते?

प्रश्न : येत्या मे महिन्यात आमच्या लग्नाला २५ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त आम्ही दोघांनी ४ रात्री मालदीवला जाऊन यावे, असा मुलांचा आग्रह आहे. पर्यटन कंपनीने एका रिसॉर्टचे ‘ऑल-इन्क्लुझिव्ह’ पॅकेज सुचवले असून, तिथे पोहोचल्यावर खिशात हात घालावा लागणार नाही, असे सांगितले आहे. मी शाकाहारी आहे. यजमान मासे आवडीने खातात, पण मद्य आम्ही दोघेही घेत नाही. या पॅकेजसाठी जादा पैसे मोजावेत का? आणि मे महिना तिकडे जाण्यास योग्य आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची माहिती म्हणजे आपण दोघेही मद्य घेत नाही. तीन वेळचे जेवण देणारे ‘फुल बोर्ड’ आणि ‘ऑल-इन्क्लुझिव्ह’ यांच्या दरांतील फरक मुख्यतः मद्याचा असतो, त्यामुळे न पिणाऱ्या जोडप्याने तो भरणे म्हणजे शेजारच्या टेबलाचे बिल आपण चुकते करण्यासारखे आहे.

हेच पत्र आपण गोव्याबद्दल लिहिले असते, तर केवळ खोली आणि न्याहारी घ्यावी, असे एका ओळीत सांगून मी मोकळा झालो असतो, कारण तिथे रिसॉर्टच्या फाटकाबाहेर पडले की माशांची थाळी मिळते. मालदीवमध्ये तशी सोय नाही. १९७२ मध्ये कुरुंबा हे तिथले पहिले रिसॉर्ट सुरू झाले आणि पुढे एका बेटावर एकच रिसॉर्ट हीच तिथली सर्वसाधारण पद्धत झाली. साहजिकच जेवण त्याच बेटावर, त्याच दराने घ्यावे लागते. म्हणून ‘फुल बोर्ड’ अवश्य घ्यावे. मात्र एक गोष्ट आधी लेखी विचारून घ्यावी : अनेक ठिकाणी ‘फुल बोर्ड’मध्ये पेये धरलेली नसतात आणि जेवताना मागवलेल्या पाण्याच्या बाटलीचे व चहाचेही पैसे डॉलरमध्ये लागतात. पाणी, चहा आणि कॉफी मोफत असेल तर ‘फुल बोर्ड’ पुरे. नसेल तर ४ दिवसांचा तो खर्च मांडून दोन्ही दरांची तुलना करावी.

‘खिशात हात घालावा लागणार नाही’ हे आश्वासनही तपासून घ्यावे. तिथे दरावर साधारणपणे १० टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर जुलै २०२५ पासून १७ टक्के पर्यटन कर लागतो, म्हणजे हे दोन्ही न धरता सांगितलेला दर प्रत्यक्षात सुमारे २९ टक्क्यांनी वाढतो. याशिवाय रिसॉर्टमध्ये माणशी दर रात्री १२ डॉलर हरित कर आहे. आपल्या दोघांचे ४ रात्रींचे ९६ डॉलर होतात. विमानतळापासून बेटापर्यंतचा प्रवास बहुधा वेगळा आकारला जातो आणि दूरच्या बेटांना नेणाऱ्या सागरी विमानाचे जाण्यायेण्याचे भाडे अनेकदा माणशी ४०० डॉलरच्या पुढे जाते. ही विमाने अंधार पडल्यावर उडत नाहीत, त्यामुळे आपले मुंबईचे विमान सायंकाळी मालेला उतरणार असेल, तर पहिली रात्र, आणि तिचे भरलेले पैसे, विमानतळाजवळच्या हॉटेलात वाया जातील.

शाकाहाराची फारशी चिंता नको, कारण बहुतेक रिसॉर्टांना भारतीय पाहुण्यांची सवय आहे. आरक्षण करतानाच तसे कळवावे म्हणजे झाले. सावध राहायचे ते स्थानिक न्याहारीपासून. ‘मस हुनी’ हा पदार्थ कांदा-मिरची घातलेल्या खोवलेल्या खोबऱ्यासारखा दिसतो, पण त्यात ट्यूना मासा असतो. यजमानांना तो रोशी या चपातीबरोबर नक्कीच आवडेल.

आता मे महिना. लग्नाचा वाढदिवस मेमध्ये येणे ही आपल्याकडच्या लग्नसराईचीच देणगी, पण मालदीवमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारे साधारणपणे मे ते ऑक्टोबर या काळात वाहतात. रोज दिवसभर पाऊस पडतो असे नाही, दरही उतरलेले असतात. परंतु समुद्र खवळलेला राहतो आणि लांबच्या स्पीडबोटीच्या प्रवासात पोट ढवळते. तारखेचा आग्रह नसेल तर फेब्रुवारी किंवा मार्चमध्ये जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मेमध्येच जायचे ठरले, तर मालेपासून अर्ध्या तासाच्या आतले बेट निवडावे आणि वारा पश्चिमेकडून येत असल्याने बेटाच्या पूर्वेकडील खोली मागावी. वाढदिवसाची तारीख आरक्षणातच नोंदवावी. केक किंवा खोलीची सजावट अशी भेट अनेक रिसॉर्ट देतात, पण आधी कळवले असेल तरच.

भारतीयांना पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. प्रवासापूर्वीच्या ९६ तासांत ‘इमुगा’ हा प्रवाशाच्या माहितीचा अर्ज मालदीव सरकारच्या संकेतस्थळावर भरावा. त्यालाही शुल्क नाही, तेव्हा पैसे मागणारे संकेतस्थळ लगेच बंद करावे. बाहेरून मद्य नेण्यास बंदी आहे, हे आपल्याला लागू नाही. परंतु पूजेच्या मूर्ती नेण्यासही तिथे मनाई आहे, त्यामुळे पर्समध्ये नेहमी असणारा छोटा गणपती निघण्यापूर्वी देवघरात ठेवून जावा.