चिरून पाकिटात मिळणारी भाजी खरोखर सुरक्षित असते का?

पणजीतल्या दुकानात मिळणारी चिरलेली, पाकीटबंद भाजी रसायनात बुडवलेली असते असे आपल्या सासूबाई म्हणतात, तेव्हा ती चार वर्षांच्या मुलीला द्यावी का, असे आपण विचारले आहे. फोंड्याजवळ हॉटेलांना आणि दुकानांना चिरलेली भाजी पुरवणाऱ्या एका कारखान्यात मी सहा वर्षे गुणवत्ता तपासणीचे काम केले आहे, त्या अनुभवावरून सांगतो. सासूबाईंचे म्हणणे अर्धे खरे आहे. भाजी क्लोरीनच्या पाण्यात धुतात हे खरे, परंतु काळजी करायची ती क्लोरीनची नव्हे, त्यानंतर भाजीला लागणाऱ्या उष्णतेची.

आपल्याकडची बरीचशी भाजी बेळगावहून घाट उतरून येते. कारखान्यात ती आधी निवडतात, किडका व सडका भाग काढून टाकतात, माती जाईपर्यंत साध्या पाण्यात धुतात आणि मग सोलून यंत्रावर चिरतात. चिरलेली भाजी एक-दोन मिनिटे थंड पाण्यात ठेवली जाते आणि त्या पाण्यात दर लिटरला साधारण 50 ते 200 मिलिग्रॅम क्लोरीन असतो. त्यानंतर ती स्वच्छ पाण्यातून काढून, फिरत्या यंत्रात निथळवून पाकिटात भरतात. नीट खळबळलेल्या भाजीवर क्लोरीन नगण्य उरतो. मात्र पिकावर फवारलेली आणि पानात मुरलेली कीटकनाशके या धुण्याने जात नाहीत, तशी ती घरी धुऊनही जात नाहीत.

क्लोरीनने भाजी निर्जंतुक होते, हा समज मात्र चुकीचा आहे. पानावरचे जंतू या धुण्याने दहा ते शंभर पटींनी कमी होतात. सुरकुत्यांत आणि चिरलेल्या कडांत शिरलेले तिथेच राहतात. क्लोरीनचे खरे काम पाणी राखण्याचे आहे, म्हणजे एका खराब पानावरचे जंतू त्याच टाकीतल्या हजारो पानांना लागू न देण्याचे. माती आणि भाजीचा रस पाण्यात मिसळू लागला की क्लोरीन त्यातच खर्च होतो, म्हणून तो पुन्हापुन्हा मोजावा लागतो, आणि ज्या कारखान्यात हे मोजमाप कंटाळ्याने होते तिथे धुण्याची टाकीच रोग पसरवू शकते. अमेरिकेत 2006 साली पाकीटबंद पालकामुळे सुमारे 200 लोक आजारी पडले आणि त्यांतील तिघे दगावले. तो पालक धुऊनच पाकिटात भरलेला होता.

भाजी चिरल्यावरही जिवंत असते आणि श्वास घेत राहते. बाहेरच्या हवेत सुमारे 21 टक्के प्राणवायू असतो. पानांच्या पाकिटात तो बहुधा 2 ते 5 टक्क्यांवर आणतात, त्यामुळे श्वसन मंदावते आणि कडा लवकर काळ्या पडत नाहीत. यातच एक धोका आहे. भाजी दिसायला टवटवीत राहते, पण रोगजंतूंना त्या हवेने फारसा अटकाव होत नाही आणि त्यांना वासही नसतो. त्यांना रोखून धरते ती थंडी, म्हणजे 5 अंशांखालचे तापमान, आणि लिस्टेरियासारखा जंतू तर त्या थंडीतही हळूहळू वाढतो. लिस्टेरिया पोटातल्या बाळालाही घातक ठरू शकतो, म्हणून गरोदर स्त्रियांनी अशी पाने कच्ची खाऊ नयेत, असे माझे मत आहे.

एका जुलैत घाटात दरड कोसळली आणि आमची गाडी सात तास अडकली; तिचे शीतयंत्रही बंद पडले होते. पाकिटे आली तेव्हा कोबी पांढराशुभ्र होता, वास नव्हता आणि छापील तारखेला अजून तीन दिवस होते. मी माल रोखायला सांगितले, पण वरिष्ठांनी तो दुकानांत पाठवला. बाजूला ठेवलेल्या नमुन्यांत नंतर जंतूंची संख्या मर्यादेपलीकडे निघाली. त्या पाकिटांतला कोबी कोणी कच्चा खाल्ला असेल, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो. तारीख ही गारव्याच्या अटीवर दिलेली असते. गारवा तुटला की तिला अर्थ उरत नाही.

म्हणून दुकानात आधी शीतकपाटाला हात लावून पाहा आणि पाकीट थंडगार असेल तरच घ्या. फुगलेले, आत पाणी साचलेले किंवा अन्न परवान्याचा 14 आकडी क्रमांक नसलेले पाकीट नको. ते खरेदीच्या शेवटी उचला, कारण आपल्या उकाड्यात म्हापशाहून पणजीला येईपर्यंत गाडीच्या डिकीत भाजी चांगलीच तापते. घरी ते शीतकपाटाच्या दारात न ठेवता आत ठेवा आणि उघडल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा.

शिजवायची असेल तर मुलीला ही भाजी निःशंक द्या. चवथीला खतखत्यासाठी चिरलेला सुरण, भोपळा, गाजर घेतलेत तरी भीती नाही, कारण भाजी आतपर्यंत नीट उकळली की हे जंतू मरतात. कोशिंबिरीची काकडी आणि गाजर मात्र अख्खे आणून घरीच चिरा. पाकिटातली मोडाची कडधान्ये तिला कधीही कच्ची देऊ नका. मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच मानवते. 2011 साली जर्मनीत मेथीच्या मोडांमुळे पसरलेल्या साथीत पन्नासहून अधिक माणसे गेली. मोड आलेल्या मुगाच्या मुगागाठी, म्हणजे नीट शिजवलेली उसळ, करून दिल्या तर ती पोटभर खाऊ शकेल.