इलेक्ट्राची सुपारी आणि तुमचे प्रश्न

प्रश्न: ताई, मी आणि माझी रूममेट डेअरडेव्हिलची सिरीज दुसऱ्यांदा बघतोय आणि इलेक्ट्रावरून आमचं रोज वाजतं. ती म्हणते इलेक्ट्रा मुळात चांगलीय, तिला बिघडवलं लोकांनी. मी म्हणते सुपारी घेऊन माणसं मारणारी बाई कसली चांगली! मी कॉमिक्स पण थोडी वाचलीत, तिने नाही. आता तुम्हीच निकाल लावा. (आर., पुणे)

उत्तर: अगं, तुमचं भांडण मिटणारच नाही, कारण तुम्ही दोघी दोन वेगळ्या बायकांबद्दल बोलताय. रूममेटने सिरीजमधली बघितलीय, तू कॉमिक्समधली डोक्यात घेऊन बसलीयेस.

कॉमिक्समधली इलेक्ट्रा नाचिओस लेखक-चित्रकार फ्रँक मिलरने आणली, जानेवारी 1981 ची तारीख असलेल्या डेअरडेव्हिलच्या 168 व्या अंकात. ग्रीक राजदूताची मुलगी, न्यूयॉर्कला कोलंबिया युनिव्हर्सिटीत शिकणारी, आणि तिथेच मॅट मर्डॉकशी (हाच पुढे मुखवटा घालून डेअरडेव्हिल होतो) जमतं. मग अतिरेकी बाप-लेकीला ओलीस धरतात, मॅट सोडवायला घुसतो, एक अतिरेकी खिडकीतून बाहेर पडतो आणि खालच्या पोलिसांना वाटतं ओलिसांना मारायला लागले, ते गोळ्या झाडतात आणि त्यात बाप जातो. म्हणजे बघ, मारणारे पोलीस आणि कारण ठरला वाचवायला गेलेला बॉयफ्रेंड, आता सूड घ्यायचा तरी कुणावर? मिलरने नाव ग्रीक पुराणातल्या इलेक्ट्रावरून घेतलं, ती बापाच्या खुनाचा बदला घेणारी, पण हिला बदला घ्यायला समोर माणूसच नाही. मला तर हीच त्या गोष्टीतली सगळ्यात कडू गंमत वाटते. मग ती कॉलेज सोडते, मॅटला सोडते आणि पुढे पैसे घेऊन माणसं मारायला लागते. कुणी बंदूक लावलेली नसते डोक्याला.

सिरीजमधे (2016 चा दुसरा सीझन, भूमिका एलोडी युंगची) मात्र ती लहानपणापासून स्टिक नावाच्या युद्धगुरूच्या हाताखाली वाढलेली, शस्त्रासारखी घडवलेली, वर ती 'ब्लॅक स्काय' म्हणजे द हँड या निंजांच्या टोळीला हवं असलेलं हत्यार निघते. सगळं आधीच ठरलेलं, मग तिचा दोष किती उरला? युंगने काम झकास केलंय हां, मारामारी करताना ती मजा घेते हे तिच्या चेहऱ्यावर दिसतं आणि मॅट त्याने हादरतो. पण मला वाटतं लेखकांना तिची भीती वाटली. बाई स्वतःच्या मर्जीने खुनी आहे हे पचत नाही म्हणून तिला बालपण जोडून दिलं. पुरुष अँटीहिरोला एवढी वकिली क्वचितच मिळते!

आणि माफीचं म्हणशील तर 181 वा अंक वाच (एप्रिल 1982). ती तेव्हा किंगपिन या गुंडांच्या बॉसची मुख्य मारेकरी असते आणि सुपारी असते फॉगी नेल्सनची, मॅटच्या जिवलग मित्राची. फॉगी तिला ओळखतो, ही तर मॅटची मैत्रीण, आणि तिचा हात थांबतो. बस एवढंच. ना माफी मागते, ना रडते, ना भाषण. त्याच अंकात बुल्सआय हा मारेकरी, ज्याची किंगपिनकडची जागा तिने घेतलेली असते, तो पत्त्याच्या पानाने तिचा गळा चिरतो आणि तिचीच साय (तिचं टोकदार शस्त्र) तिच्या आरपार घालतो. ती सरपटत मॅटच्या दारापर्यंत येते आणि त्याच्या हातात जाते. एक माणूस सोडला म्हणून आधी मारलेले माफ होतात का, ते मिलर सांगत नाही. तर रूममेटला हा अंक दे आणि मग भांडा.

प्रश्न: ती मेली ना? मग परत परत कशी दिसते, कन्फ्यूज झालोय. (एस. के., नाशिक)

उत्तर: सुपरहिरो कॉमिक्समधे स्मशान म्हणजे एसटी स्टँड आहे हो, लोक येतात जातात. मॅटला स्वतःलाच पटत नव्हतं, 182 व्या अंकात तो तिची कबर उकरून खात्री करतो. मग 190 व्यात (1983) द हँडवाले तिला उठवायला जातात, मॅट मधे पडतो, आणि शेवटी ती लाल कपडे सोडून पांढऱ्या कपड्यांत डोंगर चढताना दिसते. तिथेच थांबायला हवं होतं असं माझं मत. पण 1993-94 मधे तिला परत कथेत ओढलं, नंतर तर एकदा जिला इलेक्ट्रा समजत होते ती रूप बदलणारी परग्रहवासी, स्क्रल, निघाली, आणि 2020 मधे मॅट जेलमधे गेल्यावर हिनेच डेअरडेव्हिलचा मुखवटा चढवला. हे शेवटचं मात्र आवडलं मला, कारण खून न करता लढायचं म्हटल्यावर तिची होणारी चिडचिड बघण्यासारखी आहे.

2024 च्या डेडपूल-वुल्व्हरिनच्या सिनेमात दिसली ती जेनिफर गार्नर, म्हणजे 2003 च्या सिनेमातली. तिचा सिरीजशी संबंध नाही.

प्रश्न: मुलगा गार्नरबाईचा 2005 चा सिनेमा बघू म्हणतोय, वेळ घालवावा का? आणि तिच्या हातात ते त्रिशूळ का असतं? (एक निवृत्त काका, सातारा)

उत्तर: काका, नका घालवू. त्यात ती मारायला गेलेल्या बाप-लेकीलाच वाचवायला लागते, आणि एकदा मावशी-आत्या मोडमधे गेली की इलेक्ट्रात बघण्यासारखं काय उरतं?

त्रिशूळ नाही ते, साय. ओकिनावातलं शस्त्र, जोडीने वापरतात. मधला दांडा लांब आणि बाजूला दोन छोटे आकडे, समोरच्याचं हत्यार अडकवायला. खऱ्या सायला धार नसते, अडवायचं, ठोकायचं आणि टोकाने खुपसायचं. मुलाला वाचायचंच असेल तर 'इलेक्ट्रा: असॅसिन' घ्या, 1986 ला सुरू झालेली आठ अंकांची मालिका, लेखन मिलरचं आणि चित्रं बिल सिएन्केविचची, जलरंग, कोलाज, काय वाट्टेल ते. पहिल्या अंकात काही कळणार नाही, सोडू नका. आणि मुलगा अजून शाळेत असेल तर आधी तुम्ही वाचा, रक्तपात भरपूर आहे.