अमेरिकेतलं पुरळ नागपुरात परत का येतंय?

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. मी मानेवाड्याला राहते, वय ५८, शुगर आहे पण गोळीवर कंट्रोल आहे. मागच्या उन्हाळ्यात लहान्या मुलाकडे न्यू जर्सीला गेली होती, त्याच्या घरामागच्या कुंपणावर एक वेल चढला होता तो मी हातानीच उपटून काढला, दोन दिवसांनी दोन्ही हातांवर लाल रेघा अन् पाण्याचे फोड, खाज अशी की रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तिथल्या डॉक्टरांनी पॉयझन आयव्ही म्हणून सांगितलं अन् सहा दिवसांच्या स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या, बरं वाटलं, गोळ्या संपल्या तर तिसऱ्या दिवशी पुन्हा जसंच्या तसं. नागपूरला आल्यावर वाटलं सुटली एकदाची, पण इथेही सुरूच आहे, बोटांच्या टोकांना अन् मनगटाला येतं, थोडं जातं, पुन्हा येतं, लोणच्यासाठी कैऱ्या चिरल्या तेव्हा तर ओठांभोवतीही आलं. मेडिकल स्टोअरमधून ट्यूब आणून लावते. माझं दुसरं काही काम नाही, स्वयंपाक, पूजा, अन् शनिवारी मोठ्याच्या दुकानाला आणि गाड्यांना लिंबू-मिरची-बिब्बा ओवून देते एवढंच. शेजारच्या काकू म्हणतात विष रक्तात भिनलं, जुलाब घेऊन रक्त साफ करा. चार वर्षांच्या नातीला आता माझ्याजवळ झोपू देत नाहीत. पुढच्या महिन्यात पुन्हा न्यू जर्सीला जायचं आहे, काय करू?

उत्तर: ताई, आधी नातीचं सांगतो, कारण त्याचाच त्रास तुम्हाला जास्त होत असणार. तिला आजच जवळ घेऊन झोपा. हे पुरळ लागट नाही. फोडातलं पाणी तुमच्या शरीराचंच असतं, त्यात त्या वेलाचं काही नसतं, ते दुसऱ्याला लागून काही होत नाही आणि तुमच्याच दुसऱ्या जागी लागूनही पसरत नाही. मग आज हातावर, परवा पोटावर असं का येतं, तर जिथे त्या वेलाचं तेल जास्त लागलं किंवा कातडी पातळ आहे तिथे लवकर उठतं, बाकी ठिकाणी उशिरा, म्हणून पसरल्यासारखं वाटतं.

आता विष. पॉयझन आयव्हीच्या पानात, देठात, मुळात उरुशिऑल नावाचं चिकट तेल असतं, ते कातडीत शिरतं आणि शरीर त्याला शत्रू समजून तिथे भांडण सुरू करतं, म्हणजे ही अॅलर्जी आहे, विषबाधा नाही. रक्तात काही साठून राहत नाही, त्यामुळे जुलाब घेऊन साफ करण्यासारखं काहीच नाही, शुगरच्या पेशंटनी तर असले उपाय करूच नका. राहते ती फक्त शरीराची ओळख. एकदा ओळख पटली की पुढच्या वेळी जरासं तेल लागलं तरी एक-दोन दिवसांत पुरळ उठतं, आणि ही ओळख वर्षानुवर्षं जात नाही.

आणि इथेच तुमचा शनिवार येतो. पॉयझन आयव्ही आपल्या नागपुरात नाही, पण त्याचा सख्खा भाऊबंद आहे, आपला बिब्बा. आंबा, काजू, चारोळी, बिब्बा आणि तो अमेरिकन वेल हे सगळे एकाच कुळातले. बिब्ब्याच्या टरफलातलं काळं तेल उरुशिऑलच्या इतकं जवळचं आहे की शरीराला फरक कळत नाही. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांना मानेवर, कमरेवर असंच पुरळ उठायचं, शोध घेतला तेव्हा कळलं की धोबी कपड्यांवर बिब्ब्याच्या रसाने खुणा करतात आणि खूण जिथे कातडीला लागते तिथेच उठतं. त्यातल्या बऱ्याच जणांच्या शरीराला घरच्या पॉयझन आयव्हीने आधीच ही ओळख करून दिलेली होती. तुमचं अगदी तसंच झालंय. सुई बिब्ब्यातून आरपार जाते, तेल सुईला, दोऱ्याला, बोटांना लागतं आणि सोमवारी बोटांची टोकं खाजतात. आपल्याकडे बिब्बा उतला म्हणतात तो प्रकार सगळ्यांना माहीत आहे, पण ओवताना इतक्याशा तेलाने होईल हे डोक्यात येत नाही. कैरीचंही तेच, देठाचा चीक आणि सालीत त्याच जातीची द्रव्यं असतात, म्हणून ओठांभोवती आलं. आंबा सोडू नका, फक्त दुसऱ्या कोणाकडून धुऊन, सोलून घ्या आणि गर खा, कोय चोखू नका. लाडवातली गोडंबी मात्र बंद, ती बिब्ब्यातूनच निघते. भाजलेले काजू बहुतेकांना चालतात.

ओवायचं काम आता मोठ्याला द्या किंवा नुसतं लिंबू-मिरची ओवा. ती जुनी सुई आणि दोऱ्याचं रीळ टाकून द्या, ज्या डब्यात ठेवता तो हातमोजे घालून साबणाने घासा, कारण हे तेल सहजासहजी उडून जात नाही, वस्तूंवर महिनोन् महिने टिकतं. असे पेशंट मी पाहिलेत की सगळं बंद केलं तरी पुरळ जात नाही आणि शेवटी निघते एक सुई नाहीतर अडकित्ता.

ट्रीटमेंटबद्दल मला जरा कळकळीने सांगायचंय. तिकडे सहा दिवसांनी पुन्हा उसळलं ती नवीन लागण नव्हती, कोर्स छोटा पडला. हे भांडण शरीरात दोन-तीन आठवडे चालतं, गोळ्या मधेच संपल्या की ते दबलेलं पुन्हा वर येतं. पुरळ खूप पसरलं असेल, तोंडावर किंवा डोळ्यांजवळ असेल तर गोळ्या दोन ते तीन आठवडे, हळूहळू कमी करत द्याव्या लागतात, पण तुम्हाला शुगर आहे, स्टेरॉइडने ती वाढते, म्हणून हे फक्त डॉक्टरच्या देखरेखीत आणि शुगर तपासत. थोडंसंच असेल तर गोळ्यांची गरजच नाही, जोरदार स्टेरॉइड मलम हातांवर थोडे दिवस पुरतं, थंड पाण्याच्या पट्ट्या, कॅलामाइन लोशन, नखं कापलेली. पण मेडिकल स्टोअरमधून ज्या ट्यूब आणता, त्यात पुष्कळदा स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक सगळं एकत्र असतं, त्यातल्या निओमायसिनचीच कित्येकांना अॅलर्जी येते, आणि तीच ट्यूब तोंडाला लावत राहिलं तर कातडी पातळ होते, लाल रेषा दिसायला लागतात. ती फेकून द्या ताई, प्लीज. खाजेच्या अॅलर्जीच्या गोळीने या खाजेवर फारसा फरक पडत नाही, झोप लागायला मदत होते एवढंच. फोडातून पू आला, दुखायला लागलं, ताप आला तर त्याच दिवशी दाखवा.

एक शंका ठेवून देतो. पावसाळ्यानंतर पापण्या, मान, कोपराच्या खोबणीत येत असेल तर ते रिकाम्या प्लॉटवरचं गाजर गवत असू शकतं, ते वेगळ्या कुळातलं आहे, हवेतून लागतं. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही.

न्यू जर्सीला बिनधास्त जा. फक्त वेल ओळखायला शिका: एका देठावर तीन पानं, मधल्याचा देठ लांब, झाडावर चढलेला जुना वेल केसाळ दोरखंडासारखा दिसतो. हिवाळ्यात पानं गळली तरी तेल असतंच. कुत्रा असेल तर तो झुडपातून आला की मुलाने हातमोजे घालून त्याला आंघोळ घालावी, त्याच्या केसांवरून तेल तुमच्या हाताला येतं. चुकून लागलंच तर पहिल्या दहा मिनिटांत भांड्याच्या साबणाने, भरपूर पाण्यात, कापडाने घासून धुवा, नखांखालूनही, कपडे वेगळे धुवायला टाका. आणि मुलाला आजच फोन करून सांगा की तो वेल काढायचा असेल तर काढ, पण जाळू नकोस, त्या धुरात तेच तेल असतं आणि ते फुफ्फुसात गेलं तर दवाखान्यात भरती व्हायची वेळ येते.