गरम झाली की बंद, गार झाली की सुरू

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक 9 वर्षांची आहे. पुण्याहून साताऱ्याला येताना तासाभराने चालता चालता बंद पडते. सेल्फ जोरात फिरतो, पण गाडी पकडत नाही. अर्धा तास थांबलं की मुकाट्याने सुरू होते. टेंपरेचरचा काटा मधोमधच असतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड आला नाही. फ्यूएल पंप, फिल्टर, प्लग बदलण्यात 11,500 रुपये गेले. आता म्हणतात, ‘ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) उडालाय, 35,000 लागतील.’ बदलू का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : इतक्यात नको. तुम्ही सांगता त्या लक्षणांवरून पहिला संशय क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरवर जातो. इंजिन फिरतंय की नाही, किती वेगाने फिरतंय, हे ईसीएमला या सेन्सरकडून कळतं. त्यातल्या बारीक तारेच्या कॉइलला किंवा सर्किटला सूक्ष्म तडा गेला, की तापल्यावर जोड सुटतो आणि गार झाल्यावर परत जुळतो.

पंपावर आळ का आला, तेही बघा. सिग्नल बंद झाला की ईसीएमला वाटतं इंजिन थांबलं, म्हणून ते पंप आणि स्पार्क दोन्ही तोडतं. मिस्त्री पाइप सोडून बघतो तर पेट्रोल नाही. मग पंप बदलला जातो. आणि बऱ्याच गाड्यांमध्ये ‘सिग्नल नाही’ आणि ‘इंजिन बंद आहे’ हे ईसीएमला सारखंच दिसतं, म्हणून कोडही साठत नाही. गार गाडीला स्कॅनर लावून हा बिघाड सापडणं कठीण. तो बंद पडलेल्या अवस्थेतच पकडायला हवा.

त्यासाठी ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल (गाडीच्या स्कॅनर सॉकेटला लावून मोबाइलवर आकडे दाखवणारा) गाडीत ठेवा. हजार-दीड हजारात मिळतो. गाडी बंद पडली की आधी ती कडेला घ्या. स्टीअरिंग जड होतं आणि ब्रेकच्या बूस्टरची मदत दोन-तीन दाबांपुरतीच उरते, त्यामुळे ब्रेक एकदाच दाबून धरा, चावी काढू नका. पार्किंग लाइट (चारही इंडिकेटर) लावा. मग चावी ऑन करून बघा : चेक इंजिनचा दिवा लागतो का? नसेल लागत, तर ईसीएमला करंटच पोचत नाही. मेन रिले आणि फ्यूज बघा. इमोबिलायझरचा (चावी ओळखल्याशिवाय गाडी सुरू न होऊ देणाऱ्या लॉकचा) दिवा लुकलुकत असेल तर प्रश्न चावीचा. मागच्या सीटखाली पंपाची दोन-तीन सेकंद घरघर ऐकू येते का? या तिन्हीत खोट नसेल तर सेल्फ मारताना डोंगलवर आरपीएम वाचा. सेन्सर ठीक असेल तर 200-300 दिसतात. सेल्फ फिरतोय आणि आकडा शून्य, म्हणजे दोष सेन्सर, त्याचा कपलर (वायरचा जोड) किंवा वायरिंग यांतच.

हाताशी मल्टिमीटर असेल तर गाडी गरम असतानाच सेन्सरचा रोध मोजा. दोन पिनांचा असेल तर काहीशे ते दीडेक हजार ओहम येतात, नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. गरम झाल्यावर थोडा वाढणं ठीक, पण मीटरवर ‘ओएल’ (सर्किट तुटलेलं) आलं की आत तार तुटली. तीन पिनांचा हॉल सेन्सर मात्र ओहमवर मोजू नका. त्याला सप्लाय आणि अर्थिंग मिळतं का ते बघा. आणखी एक खात्री : बंद पडल्यावर सेन्सरवर ओलं फडकं ठेवा. पाच-सात मिनिटांत गाडी पकडली, तर चोर सापडला. (रेडिएटरचं झाकण या भरात उघडू नका.)

सेन्सर बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सच्या तोंडाशी किंवा क्रँक पुलीजवळ एका 10 मिमी बोल्टवर बसतो. अस्सल पार्ट साधारण 1,000 ते 3,000 रुपयांत येतो, काम तासाभराचं. ओ-रिंग नवी टाका, कपलरमध्ये ऑइल शिरलंय का तेवढं बघा. स्वस्त डुप्लिकेट घेऊ नका, तो पुन्हा तापल्यावर दगा देतो.

ईसीएम सगळ्यात शेवटी. त्याचा सप्लाय, अर्थिंग आणि कपलर तपासल्याशिवाय त्याला हात लावू देऊ नका. जुन्या बाजारातला ईसीएम तर इमोबिलायझरला कोडिंग केल्याशिवाय गाडी सुरूच करत नाही. काढलेला पंप परत मागा, त्याचं प्रेशर मोजून घ्या. चांगला निघाला तर बिलाबद्दल बोलायला तोंड राहतं. तपासणीचे हजार रुपये वेगळे द्यायला आपण कांकू करतो आणि नको त्या पार्टला दहा-पंधरा हजार बिनतक्रार मोजतो.

प्रश्न : गाडी तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. नवी टाकली तरी तेच. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) बदलायचा का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी इंजिन चालू ठेवून बॅटरीवर व्होल्टेज मोजा. 13.8 ते 14.5 असेल तर चार्जिंग ठीक आहे. उभ्या गाडीत कोणीतरी करंट खातंय. मल्टिमीटर 10 अँपिअरच्या जागी लावून, निगेटिव्ह केबल सोडवून ती आणि बॅटरी यांच्या मध्ये जोडा. बॉनेट उघडंच ठेवून त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरने बंद करा, म्हणजे गाडीला ते बंद वाटेल, चावी लांब ठेवा, अर्धा तास थांबा. 50 मिलिअँपिअरच्या आत आकडा असेल तर चिंता नाही. अर्धा अँपिअर दिसला, तर दिवसाला 12 अँपिअर-तास जातात. 35 अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत संपणारच. मग एकेक फ्यूज काढत जा, आकडा पडला ते सर्किट. बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम, कॅमेरा, जीपीएस ट्रॅकर यांवर आधी नजर ठेवा. त्यांची वायर अनेकदा थेट बॅटरीवरून घेतलेली असते. सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही, तर अल्टरनेटरची जाड वायर सोडून बघा. तेव्हा पडला, तर त्यातला डायोड गेला. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल.