जॉन वेनच्या हातातली विंचेस्टर नेमकी कोणती?

'स्टेजकोच' या वेस्टर्न चित्रपटात (१९३९) अभिनेता जॉन वेनकडे असलेली विंचेस्टर रायफल १८७३ च्या मॉडेलची का, असं विचारलंय. नाही, ती १८९२ चं मॉडेल आहे. कथानक १८८० च्या सुमाराचं, म्हणजे बंदूक डझनभर वर्षं आधीच पडद्यावर आली.

ओळखायला बंदुकीच्या घोड्यापुढचा (हॅमरपुढचा) धातूचा भाग बघा. १८७३ ला दोन्ही बाजूंना वेगळी बसवलेली पट्टी असते आणि वर सरकणारं धूळझाकण. १८९२ ची बाजू अखंड, सपाट, झाकण नाही. लिव्हर (ट्रिगरभोवतीची, पुढचं काडतूस भरायला खाली ओढायची दांडी) ओढला की मागचे दोन उभे लोखंडी ठोकळे खाली सरकतात. बंदुकांचा रचनाकार जॉन ब्राउनिंगची ही रचना फार सुबक आणि भक्कम आहे.

स्टुडिओंना ती सोयीची होती: दिसायला जुनी, मिळायला सोपी. शिवाय 'फाइव्ह-इन-वन' हे बिनगोळीचं काडतूस .४४-४० आणि .३८-४० या काडतूस-मापांच्या रायफली-रिव्हॉल्व्हरांत, तसंच .४५ कोल्ट मापाच्या रिव्हॉल्व्हरमध्येही चालतं. त्यामुळे सेटवर काडतुसांची सरमिसळ टळते. अर्थात बिनगोळीचं असलं तरी जवळून ते जीवघेणंच.

लिव्हरची मोठी कडी मात्र निव्वळ पडद्यासाठी. एका हाताने रायफल गरकन फिरवताना बोटं अडकत नाहीत.