सायबर सिक्युरिटीची पदवी करायची तर कोडिंग यावंच लागतं का?
लागतं, पण सॉफ्टवेअर डेव्हलपरइतकं नाही. लॉग फाइल (सिस्टिममधल्या घडामोडींची नोंदवही) वाचून कुठल्या आयपीवरून, म्हणजे नेटवर्कवरच्या पत्त्यावरून, किती चुकीचे लॉगिन झाले, हे पायथनमध्ये मोजता आलं की सुरुवातीला भागतं. खरी दमछाक नेटवर्किंगमध्ये होते. पोरं थेट हॅकिंगची टूल्स चालवायला धावतात आणि पोर्ट म्हणजे काय विचारलं की गप्प! वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे डेटाचे तुकडे (पॅकेट्स) दाखवणारं सॉफ्टवेअर, चालू करून एखादी साइट उघडा आणि टीसीपी या प्रोटोकॉलचं कनेक्शन जुळताना जाणारी सिन, सिन-अ‍ॅक, अ‍ॅक ही तीन पॅकेट्स शोधा. नाही सापडली तर ब्राउझर बहुधा क्विक वापरतोय, म्हणजे टीसीपीऐवजी यूडीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलवर चालणारा प्रोटोकॉल. लिनक्ससाठी ओव्हरदवायर या साइटवरचा ‘बँडिट’ हा कमांड शिकवणारा खेळ खेळा, फुकट आहे. क्रिप्टोग्राफीचं गणित वर्गात शिकवतात. आणि हो, सराव स्वतःच्या व्हर्च्युअल मशीनवरच (आपल्या कॉम्प्युटरच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर). कॉलेजच्या वाय-फायवर अजिबात नको.