सोसायटीत काय सांगायचं?

(कळव्याहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलाने ६१ टक्क्यांनी इलेक्ट्रिकल डिप्लोमा केला आणि ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये कामं घेणाऱ्या एका ठेकेदाराकडे लागला. ऑफिसातल्या किटल्या, चार्जर, एक्स्टेंशन बोर्ड तपासून स्टिकर लावायचे, दिवसाला २०० नगांचं टार्गेट. वडिलांचा आग्रह असा, की हे सोडून त्याने कॉम्प्युटरची डिग्री करावी, नाहीतर ४० हजारांचा दोन दिवसांचा ‘पॅट’ (म्हणजे अशीच विजेची उपकरणं तपासण्याचा) कोर्स करून ब्रिटन गाठावं.)

नमस्कार,

तुमच्या पत्रातली एक ओळ मी तीनदा वाचली. ‘सोसायटीत आम्ही तो आयटी कंपनीत आहे असंच सांगतो, त्यालाही तसंच बोलायला सांगितलंय.’ मुलगा रोज ठाण्याला गाडी बदलून ऐरोलीला जातो, पगार घरी आणतो, आणि लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंनी विचारलं की तुम्ही पढवलेलं उत्तर देतो. त्याला या कामाची लाज वाटते असं पत्रात कुठेच नाही. लाज तुम्हाला वाटते, आणि रोज खोटं बोलायला लावून ती तुम्ही त्याच्यात उतरवताय.

स्टिकर सगळ्यात शेवटी येतो हो. आधी प्लग, वायर, वितळल्याचे डाग डोळ्यांनी बघायचे. बरेचसे दोष इथेच सापडतात. मग धातूच्या किटलीचं अर्थिंग प्लगच्या पिनेपासून बॉडीपर्यंत सलग आहे का ते मोजायचं. मग ५०० व्होल्ट डीसी देऊन इन्सुलेशन बघायचं. तिथे निदान १ मेगोहम (दहा लाख ओहम) रोध हवा. चार्जरवर चौकोनात चौकोन असेल तर दुहेरी इन्सुलेशन, तिथे अर्थिंगचा प्रश्न नाही, पण २ मेगोहम हवेत. (तुमच्या इस्त्रीची तिसरी पिन जागेवर आहे का, बघा एकदा.)

काळजी करायचीच तर त्या २०० नगांची करा. आठ तास म्हणजे ४८० मिनिटं, एका नगाला अडीच मिनिटंही येत नाहीत. त्यातच टेबलाखाली वाकणं, कुणाला तरी ‘जरा कॉम्प्युटर बंद करता का’ म्हणणं आणि नोंद करणं आलं. नुसते चार्जर असतील तर जमेलही. पण पॅन्ट्रीतले मायक्रोवेव्ह, किटल्या धरून रोज २०० होत असतील, तर काही स्टिकर न तपासताच लागताहेत. आज रात्री जेवताना विचारा: रीडिंग लिहितोस, की नुसतं ‘पास’? शेवटचा नग नापास कधी केलास? महिनोन्‌महिने एकही नापास नसेल, तर तो ठेकेदार सोडायला मीच सांगेन. हे काम सोडायला नाही.

आता कोर्स. पॅटचं सर्टिफिकेट म्हणजे ब्रिटनमधलं लायसन्स असं तुम्ही लिहिलंय, हे त्या क्लासवाल्यांनीच सांगितलं असणार. ब्रिटनच्या १९८९ च्या नियमांनुसार कामाच्या जागेवरची विजेची उपकरणं सुरक्षित ठेवावी लागतात. दरवर्षी पॅट करा असं त्यात लिहिलेलंच नाही. तपासणारा जाणकार हवा, बस. दोन दिवसांच्या कागदावर व्हिसा कोण देणार? आणि इथे महाराष्ट्रातही तो कागद वायरमन परवान्याच्या किंवा सुपरवायझरच्या प्रमाणपत्राच्या जागी चालत नाही. ती राज्याच्या अनुज्ञापक मंडळाकडूनच (लायसन्सिंग बोर्डाकडूनच) मिळतात. मुलाकडे डिप्लोमा आहे, अनुभव जमतोय. सुपरवायझरसाठी तिथे अर्ज करायच्या तयारीला लागावं. ४० हजार बँकेतच राहू द्या.

डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश डिप्लोमाच्या गुणांवर होतो. कारखान्यात सेफ्टी ऑफिसर व्हायचं तर अनुभव आणि इंडस्ट्रियल सेफ्टीची पदविका लागते. कुठल्याच वाटेला उद्या सकाळची घाई नाही.

कॉम्प्युटर नक्की कुणाला हवंय, ते मात्र मला कळलं नाही. एवढ्या लांब पत्रात त्याचं स्वतःचं म्हणणं एका ओळीतही नाही. पुढचं पत्र त्याला लिहू द्या, आणि पाठवण्याआधी वाचायला मागू नका.